पाय बाभळीकडं, नजर खांबाकडं

पुण्यात नोकरीला असताना साहेबांच्या नादानं मी गोल्फ शिकलो. सोलापूरला बदली झाल्यावर खेळायला जागा उरली नाही. अक्कलकोट रस्त्याला एका मित्राचं रान पडीक होतं. रविवारी सकाळी सात नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याची काठी, आणि वीसेक चेंडू घेऊन मी तिथं जायचो. समोर लांबवर विजेचा एक खांब होता. त्यावर माझा नेम. पण चेंडू अर्ध्या वाटेत उजवीकडं वळायचा. म्हणून मी दर खेपेला थोडा आणखी डावीकडं तोंड करून उभा राहायचो. चेंडू तर आणखीच वळू लागला.

उजव्या बांधापलीकडं साठीतल्या एक मावशी मेंढरं चारायच्या. ‘लांब आहेत,’ असं मी स्वतःला सांगायचो.

एका रविवारी फटका बसताक्षणीच हाताला कळलं. चेंडू वर गेला, वळला आणि थेट बांधाकडं निघाला.

“मावशी, खाली बसा!”

मावशी दिसेनाशा झाल्या. मेंढरं उधळली. मी ढेकळांतून ठेचकाळत पळालो. पळताना एकच विचार, त्यांना लागलं तर?

त्या सुखरूप होत्या. मातीत बसून त्यांनी एका मेंढीची मान धरली होती. चेंडू तिच्या मागच्या पायाला लागला होता.

“गाभण हाय ही,” माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या.

मी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते येईपर्यंतचा तास आम्ही दोघं मेंढीजवळ बसून होतो.  डॉक्टरांनी पाय चाचपला, पोटावर हात ठेवला. “हाड शाबूत आहे. पोटातलंही ठीक आहे.” मेंढी लंगडत उभी राहिली तेव्हा मावशी पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलल्या.

“लई दिस बघतीया मी. तुमी बघताय खांबाकडं, आन् पाय हायत त्या बाभळीकडं. मंग ते नीट कसं जाईल?”

बाभूळ खांबाच्या बरीच डावीकडं होती. 

पुढच्या रविवारी मेंढीची चौकशी करायला गेलो. आयर्न गाडीतच ठेवली होती. मावशींनी कळप पार माझ्या पाठीमागं आणला, हातातली काठी माझ्या नेहमीच्या जागी खांबाच्या रोखानं जमिनीवर टाकली आणि म्हणाल्या, “हिला धरून हुबं ऱ्हावा. मारा, बघू.”

मी गाडीतून आयर्न आणि चेंडू घेऊन आलो. दोन्ही पाय काठीच्या रेषेत ठेवले, खांदेही. डावीकडं तोंड करायची इतकी सवय, की वाटलं, आपण सरळ त्या बांधावरच नेम धरलाय.  पुण्याच्या प्रशिक्षकांचं एक सांगणं आठवलं: पातं बाहेरून आडवं ओढलं की चेंडू वळतो, ते अंगाजवळून चेंडूकडं येऊ द्या. चेंडूच्या वीतभर मागं, माझ्यापासून लांबच्या बाजूला, मी माझी चप्पल ठेवली. पहिल्या फटक्यात चप्पलच उडाली. म्हणजे इतके दिवस पातं बाहेरूनच येत होतं.

चप्पल परत ठेवली. कोपर अंगाशी धरून सावकाश मारलं. चेंडू उडाला, आणि मी तो वळायची वाट बघत राहिलो. तो वळला नाही. खांबाच्या अलीकडं पडला.

“आनखी एक मारा की,” मावशी मागून म्हणाल्या. “एकानं काय कळतंय?”

 मी मारला. दुसरा खांबाच्या जरा डावीकडं गेला. मावशींनी काठी उचलली नाही, पुढचा चेंडू तेवढा माझ्यापुढं सरकवला.