सतराव्या पानावरचं काळीज

मी एका छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितशोधक आहे. लोकांनी लिहायचं आणि मी त्यांचे कान उपटायचे, असा हा धंदा. पगार बेताचा, पण ऐट मोठी. लग्नपत्रिका हातात आली की मी आधी तिच्यातल्या चुका काढतो आणि मग कुणाचं लग्न आहे ते बघतो. बायकोने लग्नाआधी मला पाठवलेलं पहिलं पत्र मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत पाठवलं होतं. तरी तिने माझ्याशी लग्न केलं. यात मोठेपणा कुणाचा, हे सांगायला नको.

बायको एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. तिच्या बाटल्यांना लेबलं असतात, लेबलांवर तारखा असतात. आम्हाला मूलबाळ नाही. तीन वर्षांपूर्वी छापखान्याच्या मागे, कागदाच्या कापट्यांच्या ढिगात एक कुत्रीचं पिल्लू सापडलं, ते मी पिशवीत घालून घरी आणलं. शेपटी वर वळून पाठीवर टेकलेली, म्हणून नाव ठेवलं वेलांटी. शेजारीपाजारी आधी हसले. मग त्यांना सवय झाली. मला विचाराल तर त्या दिवसापासून आमच्या घरात कुणीतरी दार उघडायची वाट बघू लागलं, आणि साठीला टेकलेल्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही.

वेलांटीला खाज होती. पोट, काखा, कान, सगळं खाजवून लाल. तीन तऱ्हेची तयार खाद्यं बदलून झाली, पण गुण येईना. अशात छापखान्यात एक पुस्तिका तपासायला आली: कुत्र्यांच्या कच्च्या आहाराविषयी. लेखक एका शाळेचे निवृत्त ड्रिलमास्तर, घरी तीन धष्टपुष्ट कुत्री. मास्तरांनी सगळं शिस्तीत लिहिलं होतं. वजनाच्या शंभर भागांमागे अडीच-तीन भाग रोजचं खाणं. त्यात मांस किती, हाड किती, कलेजी किती. हाड कच्चंच द्यायचं, शिजवलेलं कधीच नाही, कारण ते फुटून टोकं निघतात. मी वाचत गेलो आणि भारावत गेलो. चौतीस वर्षांत स्वयंपाकाची, व्यायामाची, श्रीमंत होण्याची शेकडो पुस्तकं तपासली, त्यातलं एकही अमलात आणलं नाही. हे एक आणलं. तेही साधंसुधं नाही, तर स्वतः सुधारून.

बायकोने अटी घातल्या. सुरी वेगळी, पाट वेगळा, फ्रिजमधला खालचा एकच कप्पा, पिशवीवर तारीख, भांडं लगेच गरम पाण्याने धुवायचं, आणि हात साबणाने घासल्याशिवाय दाराच्या कडीला लावायचे नाहीत. मी सगळं मान्य केलं. मला वाटलं, अवघड भाग संपला.

पहिल्या सकाळी मी कोंबडीची मान हातात धरून, आवाजात जमेल तेवढा लाड आणून म्हणालो, "वेलांटी, हे बघ, हाड!"

वेलांटी शेपूट घालून पलंगाखाली गेली.

मी वाकून पुन्हा म्हणालो, "अगं, हाड! हाड घे!" ती भिंतीला चिकटली. मग मी पालथा पडून, अर्धा पलंगाखाली शिरून, मान पुढे करून "हाड, हाड" म्हणू लागलो, तेव्हा ती दुसऱ्या बाजूने निघून मोरीत जाऊन बसली.

बायको दारात उभी राहून हे बघत होती. "अहो, रस्त्यावरच्या जिवाला जन्मभर काय म्हणून हाकललंय लोकांनी? तुम्ही तिला बोलावताय की घालवताय?"

शब्दांवर पोट भरणारा माणूस मी, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी शब्द बदलला. "अस्थी घे" म्हणून पाहिलं, तर बायकोने डोळे वटारले, "घरात तो शब्द नको." शेवटी "खाऊ" यावर तडजोड झाली. खाऊ म्हटल्यावर वेलांटीने मान पाच मिनिटांत कुडुमकुडुम चावून संपवली आणि माझा अंगठा चाटला.

पुढच्याही भानगडी झाल्या. एकदा हाडं जास्त झाली, तर दोन दिवस ती अंगणात पाठ वाकवून नुसती कुंथत बसली आणि शेवटी जे काढलं ते फळ्यावरच्या खडूसारखं पांढरं. मी ते कागदावर घेऊन घरात दाखवायला आणलं. बायको त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. पण हाडाचं प्रमाण कमी केलं आणि तीन आठवड्यांत खाज खरंच उतरली, केस चमकू लागले. मी ज्याला त्याला आहार शिकवू लागलो. कुत्रं नसलेल्या लोकांनाही.

त्यानंतर मी पान सतरावर आलो. तिथे लिहिलं होतं, की खाज कमी झाली की रोज पाव किलो काळीज सुरू करावं, ते मांसच असतं, निर्धास्तपणे द्यावं. मी मटणवाल्याकडे गेलो. गेली वीस वर्षं आमची ओळख आहे. "रोज पाव किलो काळीज," मी म्हणालो.

"रोज?" त्याने विचारलं.

"पुस्तकात आहे," मी म्हणालो. या दोन शब्दांपुढे माझ्या मते जगात कुणी बोलू नये.

पाच आठवडे गेले. वेलांटी आधी पातळ करू लागली, मग काळपट, मग उलट्या. मी म्हटलं, आहार अंगवळणी पडतोय. मग ती खाईना. दार उघडलं तरी उठेना, नुसतं शेपटीचं टोक हलवी. ते हलवणं माझ्याने बघवेना.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तोंडाने फटकळ. त्यांनी पोट दाबलं, वेलांटी कण्हली. एक्स-रे काढला. पोटात हाडांचे दोन-तीन तुकडे दिसत होते.

"हाडं देता. आणखी काय? कलेजी?"

"कलेजी आठवड्यातून एकदा, कोंबडीची, बोटभर," मी ताठ बसून म्हणालो. "रोज असतं ते हृदय."

इथे एक सांगायला हवं. मटणवाल्याकडे मी काळीज म्हणत होतो, पण शिकलेल्या बाईंपुढे बसल्यावर आपोआप हृदय म्हणालो. डॉक्टरपुढे माणूस जरा धुतलेली भाषा बोलतो.

"हृदय चालतं," बाई म्हणाल्या. "मग खाण्याचा दोष नाही. हाडाचा तुकडाच अडकला असणार. आजची रात्र सलाईनवर ठेवते. उद्या सकाळी दहाला पोट उघडू. अशक्त आहे, त्यामुळे भूल झेपेलच असं लिहून देत नाही. इथे सही करा."

आयुष्यभर मी सहीच्या आधी मजकूर वाचला आहे. त्या कागदावर मी न वाचता सही केली.

सकाळी सव्वानऊला मी मटणवाल्याकडे गेलो, आजचं बांधू नका असं सांगायला. फोन केला असता तरी चाललं असतं, पण घरात ते रिकामं भांडं दिसत होतं आणि बायको ते तिसऱ्यांदा घासत होती.

"कशी आहे पोरगी?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. तो सुरी पुसत म्हणाला, "राग मानू नका साहेब. रोज पाव किलो कलेजी! माणूससुद्धा आडवा होईल."

"कलेजी कुठे? मी काळीज नेतो."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग टोपलीतून एक गडद तांबडा, गुळगुळीत तुकडा उचलला. "हे काय आहे?"

"काळीज."

"आणि हे?" त्याने दुसऱ्या हातात मुठीएवढा, घट्ट मांसल गोळा धरला.

तसा गोळा मी कधी घरी नेलाच नव्हता.

"हे दिल. हे पाहिजे होतं तर दिल मागायचं! काळीज म्हणजे कलेजी, हे दुकानात येणाऱ्या कुणालाही विचारा. तुमच्या कवितेतलं काळीज आम्ही विकत नाही."

रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. फोन घरीच राहिला होता, मी पळत सुटलो. साठीच्या, पोट सुटलेल्या, चष्मा नाकावर घसरलेल्या माणसाचं पळणं म्हणजे पाय कमी आणि हात जास्त. वाटेत चप्पल तुटली, ती हातात घेतली. मनात एकच होतं: बाई घड्याळाच्या आधी सुरू करणाऱ्यांतल्या नसोत. माझ्या एका शब्दापायी तिचं पोट फाडलं जाणार होतं, आणि ती उठली नसती तर मी त्या घराचं दार पुन्हा कसं उघडणार होतो, मला कळत नव्हतं.

बायको माझ्या आधी पोचली होती. आतल्या टेबलावर वेलांटी आडवी, पोटावरचे केस काढलेले. बाई हातमोजे चढवत होत्या.

"थांबा! हृदय नव्हे, काळीज!" मी ओरडलो, हातात चप्पल.

बाईंना वाटलं मला काहीतरी झालंय. त्यांनी खुर्ची दिली. धाप लागत लागत मी सगळं सांगितलं: रोज पाव किलो, पाच आठवडे, कलेजी. बाईंचे मोजे चढवणारे हात थांबले. त्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. तुकडे कालच्या जागेवरून पुढे सरकले होते.

"अडकलेलं काही नाही," बाई म्हणाल्या. "कलेजीने पोट जाळलंय. आज चिरत नाही. सलाईन चालू, मग दोन दिवस नुसता मऊ भात. पण तुम्हाला रोज पाव किलो कलेजी सांगितली कुणी?"

मी पिशवीतून पुस्तिका काढून दिली. पान सतरा, ओळ चार. बाईंनी वाचलं आणि त्यांचा पारा चढला. "असली पुस्तकं छापतात कशी? कोण हा गाढव?"

"हो ना," मी म्हणालो. देवाशप्पथ, मी "हो ना" म्हणालो.

पुस्तिकेच्या मागे ड्रिलमास्तरांचा फोन नंबर होता. बाईंनी तिथल्या तिथे फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि मास्तरांना असं झापलं की बाहेर बसलेलं एक मांजर पिशवीत शिरलं. मास्तर पलीकडून गोंधळून म्हणत होते, "अहो बाई, मी हृदय लिहिलं होतं. माझ्या हस्तलिखितात हृदयच आहे. काळीज कसं झालं ते..."

"मग कुणी बदललं?"

बायको माझ्याकडे बघत नव्हती, ती वेलांटीच्या पायाला लावलेल्या नळीकडे बघत होती. पण तिला माहीत होतं. तीन महिन्यांपूर्वी जेवणाच्या टेबलावर मीच तिला मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं होतं, की मास्तरांची भाषा फार जड आहे, हृदय काय, मी तिथे काळीज केलं, बघ वाक्य कसं घरचं वाटतं.

"मी," मी म्हणालो. "मी बदललं. ते पुस्तक मी तपासलंय. मास्तरांची चूक नाही."

बाईंनी फोन माझ्यापुढे धरला. फोनमधून मास्तरांचा आवाज आला, "तुमच्या कुत्रीला बरं वाटेल ना हो?"

ओरडले असते तर सोपं गेलं असतं. मी मान हलवली, जणू त्यांना फोनमधून ती दिसणार होती. मग बायकोने माझ्या हातातली चप्पल काढून घेतली आणि खाली ठेवली.

वेलांटी नवव्या दिवशी भांडं चाटूनपुसून उठली. त्या दिवशी मी मोरीत जाऊन नळ सोडून रडलो. बायको बाहेरून म्हणाली, "पाणी वाया जातंय."

पुस्तिकेच्या पाचशे प्रती बांधून छापखान्यातच पडल्या होत्या, बाहेर गेलेली एकच, माझी. मालक म्हणाले, शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवू. माझ्या कारकिर्दीत मी तपासलेल्या पुस्तकाला शुद्धिपत्र लागलं नव्हतं, आणि हे मी दर महिन्याला कुणाला ना कुणाला ऐकवत आलो होतो. आता ते मीच लिहिलं: पान १७, ओळ ४, 'काळीज' असे छापले आहे तेथे 'हृदय' असे वाचावे. त्याखाली आणखी एक ओळ घातली: चूक लेखकाची नसून मुद्रितशोधकाची आहे.

मालकांनी ती ओळ निळ्या पेनने खोडली. "अहो, चूक कुणाची ते छापायची पद्धत नाही. उगाच छापखान्याचं नाव जाईल."

दुपारी प्रूफ माझ्या टेबलावर आलं. खोडलेल्या शब्दांखाली मी लाल शाईने टिंबं दिली आणि समासात लिहिलं, 'आहे तसे राहू द्यावे.' दुसऱ्यांच्या वाक्यांसाठी ही खूण मी हजार वेळा केली असेल. स्वतःचं वाक्य वाचवायला ती पहिल्यांदाच केली, आणि ते माझ्या हातचं सगळ्यात बिनचूक वाक्य होतं.