काकांचा एक कान आणि डिजिटल डायरी

आमचे काका शिंपी. साधा रुमाल घ्यायचा तरी चार दुकानं पालथी घालणारे. त्यामुळे त्यांना गाणी वाजवणारी डिजिटल डायरी घ्यायचीय म्हटल्यावर मी सरळ दिवसभराची रजाच टाकली.

झालं होतं असं. लग्नानंतर वर्षभरात काका-काकूंनी एका स्पर्धेत जोडीनं गाणं म्हटलं होतं. हरले. "तू पुढे पळालीस, नाहीतर बक्षीस आपलंच होतं," असं म्हणत काका तीस वर्षं ते खापर काकूच्या डोक्यावर फोडत आलेत. त्या गाण्याची कॅसेट आता कुणाच्या तरी कपाटात सापडली. मी ती कॉम्प्युटरवर उतरवली आणि स्पीकर बिघडलेले म्हणून काकांच्या कानांत इअरफोन घातले.

पण काकांचा डावा कान लहानपणापासून बंद. आणि रेकॉर्डिंग करणाऱ्यानं दोघांपुढे वेगवेगळे माइक ठेवलेले. त्यामुळे एका बाजूला नुसते काका, दुसऱ्या बाजूला नुसती काकू. इअरफोन उलटे लावले की काकू ऐकू यायची, पण मग काका गायब! घशाच्या ऑपरेशनपासून काकूचं गाणं कायमचं थांबलंय, बोलते तीही कुजबुजत. "एकदा दोघांना एकत्र ऐकायचंय रे," काका म्हणाले.

"ती गाणी वाजवणारी डायरी घेऊ. गिऱ्हाइकांची मापंही राहतील तिच्यात," त्यांनी लगेच जोडलं. काकू नुसती हसली आणि आमच्याबरोबर निघाली.

"हिच्यात हजार पत्ते मावतात," दुकानातला विक्रेता एक डायरी पुढे करत म्हणाला.

"हजार लोक मला ओळखतात कुठे? गाणं लावा."

मी गाणं भरून आणलेलं मेमरी कार्ड घालून त्यानं गाणं लावलं. काकांनी ऐकलं, इअरफोनच्या बाजू बदलल्या, पुन्हा ऐकलं, मान हलवली. दुसरी डायरी. तिसरी. चौथी.

"काका, उलटे लावलेत तुम्ही," विक्रेता म्हणाला.

"उलट-सुलट मला नका शिकवू. शिंपी आहे मी."

शेवटी मी त्या बिचाऱ्याला कानाची गोष्ट सांगितली. "मग आधी बोलायचं ना!" म्हणत त्यानं कोपऱ्यातली एक जाडजूड, जुनाट डायरी काढली, तिच्या सेटिंगमध्ये कुठेतरी खूण केली. आता दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कानात येणार होता.

काका डोळे मिटून ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. गाणं संपलं तरी ते इअरफोन काढेनात.

"काय झालं? नाही जमलं?" काकूनं विचारलं.

"तू कुठे पळत होतीस गं," काका म्हणाले. "मीच रेंगाळत होतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबलीयस तू माझ्यासाठी."

काकूनं त्यांच्या उजव्या कानातला इअरफोन हळूच काढला आणि तिथेच वाकून कुजबुजली, "मला तेव्हाच माहीत होतं. घ्या ती डायरी."