पेनाने दाबलेला पाय

डॉक्टरने ताईच्या पायाला हात लावला नाही. पेनाच्या टोकाने दाबून बघितलं. मग ते पेन कापसाने पुसलं, आमच्या डोळ्यांदेखत. ताई ओली बाळंतीण, डावा पाय मांडीपर्यंत सुजलेला, गरम. आईने निघताना तिला आंघोळ घातली होती, पावडर लावली होती. तरी तो म्हणाला, "मच्छीवाले हो ना? खिडकी खोलो." सूज काही नाही म्हणे, मालिश करा.

शहरातल्या बेव्हर्ली पार्कातला मोठा दवाखाना. आम्ही राई गावचे कोळी. आईने त्याला हात जोडले. हात जोडले, त्याची मला अजून चीड येते.

आमच्यात बाळंतिणीची मालिश हा आईचा मान. त्यात डॉक्टरनेच सांगितलेलं. तिने पाय खालून वर चोळला, अंगातलं सगळं बळ लावून. ताई कळवळत होती. "सोस गो, उतरंल," आई म्हणाली. दुसऱ्या सकाळी ताई उठून बसली, दम लागतोय म्हणाली, आणि गेली. तान्ही पोर बाजूला रडत होती. तेव्हापासून आई कुठल्याच बाळंतिणीला हात लावत नाही. माझ्याच हातानं गेली, म्हणते.

पुढे मला सातवा लागला आणि माझा डावा पाय तसाच सुजला. नवरा घाईत त्याच दवाखान्यात घेऊन गेला. पुन्हा पेन. पुन्हा मालिश. माझं टाळकंच सरकलं.

"हात लावून बघा," मी म्हणाले. "इथेच माझी बहीण बसली होती. ती मेली."

"आवाज नीचे," तो म्हणाला.

मी उठले नाही. नवरा दंड ओढतोय, पेशंट दारातून बघतायत. पोटातलं पोर लाथा मारत होतं, मला मरणाची भीती वाटत होती. डॉक्टरने हात लावलाच नाही. मी हात न जोडता बाहेर पडले आणि तशीच सरकारी हॉस्पिटलात गेले.

तिथल्या डॉक्टरबाईने दोन्ही पाय हातात घेऊन बघितले. सोनोग्राफीत नसेत रक्ताची गुठळी दिसली. ती सुटून फुप्फुसात गेली की माणूस जातो. रक्त पातळ करायच्या सुया पोटावर सुरू झाल्या, मी वाचले, पोर वाचलं. बाळंतपणानंतर रक्त पुन्हा तपासून बाईने समजावलं. नसेला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. रक्तात एक प्रथिन फिरतं, झोपल्यासारखं. त्या पेशींवर येऊन टेकलं की ते जागं होतं आणि रक्ताचं गोठणं आवरतं. माझ्यात ते प्रथिनच कमी. बाळंतपणात रक्त तसंही लवकर गोठतं. आणि हे घराण्यात उतरतं.

चोळल्यामुळेच ताई गेली का, मी विचारलं. नक्की नाही सांगता येत, त्या म्हणाल्या, पण असा पाय चोळायचा नसतो, हे त्या डॉक्टरने सांगायला हवं होतं. मी ते आईला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

आता ताईची पोर लग्नाला आलीय. ती तपासणीला तयार आहे, तिचा बाप तयार नाही. म्हणतो, "रक्तात खोट हाय कललं तं कोण करंल तिला?" आणि पोर अंगात काय घेऊन फिरतेय, कुणालाच माहीत नाही.

लग्न अडलं तर अडू दे. उद्या सकाळी मी तिला नेतेय. बाप दारात आडवा पडला तर त्याला ओलांडून नेणार.