हॉटेलवाल्यांचे मेल

एका निरपराध माणसाला मी ठाण्यात चार लोकांसमोर थोबाडीत मारली होती. नोकरीत माझ्या हातून चुका झाल्या, त्यातल्या बहुतेक आता पुसट झाल्या आहेत. ही एक मात्र अजून काल घडल्यासारखी समोर उभी राहते. त्या प्रकरणातला वृद्ध माणूस सापडला आणि वरिष्ठांनी माझी पाठही थोपटली. खरं काय घडलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतो आहे. नावं कुणाचीच घेणार नाही.

मी तेव्हा मावळातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत हायवेच्या दोन्ही बाजूंना बंगले आणि रिसॉर्ट. शनिवार-रविवारी अर्ध्याहून जास्त मनुष्यबळ लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांच्या बंदोबस्तात जायचं. हॉटेलवाल्यांनी मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांची यादी रोज ठाण्याच्या मेलवर पाठवायची, असा नियम होता. आमच्या एका संगणकावर मेलचा प्रोग्राम होता. संगणकाचं काम पाहणारा अंमलदार सकाळी तो उघडायचा, कामाचे मेल छापून माझ्या टेबलावर ठेवायचा.

डिसेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी मुंबईचं एक कुटुंब ठाण्यात आलं. कामशेतजवळ त्यांनी बंगला भाड्याने घेतला होता. सगळे दुपारी जेवून झोपले आणि ऐंशीच्या घरातले वडील फाटक उघडून निघून गेले. त्यांना विसरण्याचा आजार होता. कधी तासभर अगदी नीट बोलायचे, कधी मुलाला ओळखायचे नाहीत. अंगात पातळ सदरा, पायात घरातल्या चपला, बोटात सोन्याची अंगठी. बेपत्ता झाल्याची नोंद केली, वर्णन सगळीकडे कळवलं आणि होते ते लोक शोधाला लावले. त्या दिवसांत मावळात रात्री हाडं गोठवणारी थंडी पडत होती. मुलगा बाकावर बसून सारखं एकच म्हणत होता की वडिलांना स्वेटरसुद्धा घातलेला नाही.

रविवारी सकाळी खबर मिळाली. कान्हे फाट्यावरच्या एका टपरीवाल्याने आमच्या हवालदाराला थांबवून सांगितलं, "म्हातारं हितंच उभं व्हतं काल. पांढरी गाडी थांबली, बसवलं अन् गेली. कुटं गेली ते न्हाई बघितलं, गिऱ्हाईक लय व्हतं." गाडीच्या दारावर रिसॉर्टचं नाव होतं, ते मात्र त्याने वाचलं होतं.

तासाभरात गाडी चालवणारे गृहस्थ माझ्यासमोर होते. पन्नाशी उलटलेले, तळेगावचे राहणारे, मराठी मुसलमान. त्या रिसॉर्टचं ऑफिस ते सांभाळायचे. वयाने माझ्याहून मोठे असूनही मी त्यांच्याशी पहिल्या वाक्यापासून एकेरीत बोललो.

त्यांनी सगळं सरळ सांगितलं. किचनचं सामान आणायला तळेगावला निघालो होतो. फाट्यावर आजोबांनी हात केला. मला शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला जायचंय, मुलगा पुढे गेलाय, असं ते म्हणाले. बोलणं व्यवस्थित होतं, म्हणून शिरगावला नेऊन सोडलं. तिथे मुलगा दिसेना. आजोबा परत यायला तयार होईनात, म्हणून देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या बाईंजवळ त्यांना बसवलं. ऑफिसला परतल्यावर मनाला चैन पडेना. ठाण्याचा फोन लावला, तो बंद लागला. मग ठाण्याला मेल केला.

फोन खरोखरच बंद होता. रस्त्याच्या खोदकामात फोनची केबल तुटली होती, इंटरनेटची वेगळी होती. पण ते ठाण्यावर येऊन गेलेल्या कुणालाही कळलं असतं, त्यावरून त्यांचं बोलणं खरं ठरत नव्हतं. मला पटली नाही ती दुसरीच गोष्ट. मी विचारलं, "तू कशाला नेशील कुणाला देवळात?"

ते जरा गोंधळून म्हणाले, "साहेब, माझी आईसुद्धा जायची. आमच्याकडे त्यात कुणाला काही वाटत नाही."

त्यांचं नाव ऐकून माझ्या तपासाची दिशा ठरली नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. इतकी वर्षं मावळात काढून शिरगावला कोण कोण जातं हे मला माहीत नव्हतं का? होतं. त्या दिवशी मला ते आठवून घ्यायचं नव्हतं.

तरी रीत म्हणून मी पडताळा घेतला. शिरगाव आमच्या हद्दीत नाही, म्हणून तिकडच्या ठाण्याला कळवलं. त्यांचा माणूस मंदिराच्या कार्यालयात विचारून आला. असा कुणी वृद्ध तिथे नव्हता. मग मेल. संगणकाचा अंमलदार लग्नासाठी रजेवर गावी गेला होता, त्याच्या जागी एक महिला शिपाई बसली होती. तिने मेलचा प्रोग्राम उघडून इनबॉक्स वरपासून खालपर्यंत पाहिला. रिसॉर्टचा मेल नव्हता. जंकमध्ये नव्हता, डिलीट केलेल्यातही नव्हता. आपल्याकडेच मेल येत नसतील अशी शंका तिला आली, म्हणून तिने स्वतःच्या मोबाइलवरून ठाण्याला एक मेल पाठवून बघितला. तो लगेच आला.

"साहेब, आपला प्रोग्राम चांगला चालतोय," ती म्हणाली.

झालं. प्रोग्राम चांगला, म्हणजे माणूस खोटा. पोलिसात एक सवय लागते. कुणाचं एक खोटं हाताला लागलं की त्याचं उरलेलं सगळं बोलणं खोटं धरायचं. बहुतेक वेळा ती सवय उपयोगी पडते, म्हणूनच ती धोक्याची.

ते म्हणाले, रिसॉर्टच्या संगणकावर पाठवलेल्या मेलमध्ये बघा, तिथे असणारच. मी हवालदाराला पाठवलं. तो मालकाला बरोबर घेऊनच परतला. मेलचा प्रोग्राम उघडतच नव्हता. सुरू केला की नुसता फिरत राहायचा आणि अडकायचा. मालक वैतागले होते. रविवारची गर्दी, त्यात दारात पोलिसांची गाडी. मला म्हणाले, "साहेब, माझा ह्यात काही संबंध नाही. ह्यांनी काय केलं असेल ते ह्यांनाच विचारा."

यानेच प्रोग्राम बिघडवून ठेवला, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. अंगठीसाठी म्हाताऱ्याला घेऊन गेला, काही बरंवाईट झालं आणि आता मेलची गोष्ट रचतोय. मी एक पथक पवना धरणाच्या बाजूला पाठवलं, दुसरं घाटाकडे. म्हणजे हाताशी असलेली सगळी माणसं मी एक प्रेत शोधायला लावली, आणि जिवंत माणसाला शोधायला कुणीच उरलं नाही.

दुपार कलत होती. आणखी एक रात्र त्या थंडीत गेली तर वडील वाचणार नाहीत, हे मुलाने मला दोनदा ऐकवलं होतं. मी हॉलमध्ये येऊन त्या गृहस्थांना पुन्हा विचारलं, म्हातारा कुठे टाकलास. ते म्हणाले, "मेल बघा साहेब, त्यात सगळं आहे." आणि माझा हात उठला.

हॉलमध्ये मालक होते, आजोबांचा मुलगा होता, दोन शिपाई होते. दारात त्या गृहस्थांची मुलगीही उभी होती. तळेगावच्या शाळेत ती शिक्षिका. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन आली होती. ती आत आली, गोळ्या बाकावर ठेवल्या आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

ते गालाला हात न लावता हळू आवाजात म्हणाले, "साहेब, तो प्रोग्राम नेहमी असाच अडकतो. जुने मेल फार साचलेत, सुरू झाला की आधी नवे मेल ओढायला जातो आणि तिथेच थांबतो. इंटरनेटची वायर काढा आणि मग उघडा. उघडेल. मीही तसाच उघडतो, मग वायर जोडून मेल पाठवतो."

हे ऐकताना मला पहिल्यांदा माझ्याच तर्काची शंका आली. लपवायचं असतं तर या माणसाने ते उघडायची युक्ती मला कशाला सांगितली असती? मी स्वतः रिसॉर्टवर गेलो. मागची वायर काढली आणि प्रोग्राम सुरू केला. थोडा वेळ घेऊन तो उघडला. पाठवलेल्या मेलमध्ये शनिवारची पाहुण्यांची यादी होती. तिच्यावर वेगळा मेल होता, आमच्या ठाण्याच्या बरोबर पत्त्यावर. आजोबांचं वर्णन, घरातल्या चपला, पातळ सदरा, शिरगाव, फुलवाली मावशी. खाली लिहिलं होतं, ‘कुणी चौकशीला आल्यास कृपया कळवावे. थंडी आहे.’ कुटुंब ठाण्यात येण्याच्या कितीतरी आधी तो मेल निघाला होता.

तिथूनच मी दोन्ही पथकांना शिरगावकडे वळायला सांगितलं. ठाण्यावर परतलो तर महिला शिपाई अजून शोधत होती. मेल सापडल्याचं मी रिसॉर्टवरूनच कळवलं होतं; तिकडून गेलाय तर आपल्याकडे का नाही, हा प्रश्न तिला सुटत नव्हता. शेवटी तिने रजेवरच्या अंमलदाराला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मागे लग्नाचा बँड वाजत होता.

तो म्हणाला, "अगं, हॉटेलवाल्यांचे मेल इनबॉक्समध्ये येतच नाहीत. रूल लावलाय. आले की आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये जातात. डावीकडे इनबॉक्सच्या शेजारी छोटा बाण आहे, त्यावर दाब."

"रूल कुणी लावला?"

त्याने उलट विचारलं, "साहेब आहेत का तिथं?"

मी म्हणालो, "आहे. बोल."

"साहेब, तुम्हीच सांगितलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत."

मला आठवलं. दिवाळीच्या गर्दीत हॉटेलांच्या याद्यांच्या ढिगात वरिष्ठ कार्यालयाचा एक मेल बघायचा राहून गेला होता, आणि त्यावरून मला बोलणी बसली होती. रागाच्या भरात मी त्याला म्हणालो होतो, हे हॉटेलवाल्यांचे मेल माझ्या डोळ्यांपुढे नकोत, काय करायचं ते कर. त्याने हुकूम पाळला. तो फोल्डर त्यानंतर कुणीच उघडला नव्हता. शिपाईबाईंनी बाणावर दाबलं. न वाचलेल्या मेलची लांबच लांब रांग उघडली आणि त्यात तो होता. तिने मोबाइलवरून मेल पाठवून घेतलेली परीक्षाही चुकीची नव्हती. मोबाइलचा पत्ता हॉटेलचा नव्हता, म्हणून तो मेल सरळ इनबॉक्समध्ये आला. खोटं कुणीच बोललं नव्हतं. मशीनसुद्धा नाही.

शिरगावला आमचे लोक या वेळी थेट फुलवालीकडे गेले. ती म्हणाली, "व्हय, त्यांनीच आणून बसवलं. म्हनले, मावशी, पोरगं येईस्तवर बघा. चहा बी पाजून गेले. सांजच्याला म्हातारं उठलं, पोरगं आलं म्हनून गेलं. मला वाटलं खरंच आलं." सकाळी आलेल्या माणसाने तिला विचारलंच नव्हतं, कारण मी फक्त मंदिरात विचारा असं कळवलं होतं. अंधार पडायच्या आत आजोबा नदीकडच्या शेतात एका पाण्याच्या मोटारीच्या खोपटात सापडले. पाय मुरगळलेला, अंगात ताप, पण जिवंत. अंगठी बोटातच होती. पुढे ते बरे होऊन घरी गेले.

त्या संध्याकाळी मी त्या गृहस्थांना सोडलं. सोडताना काय म्हणालो ते सांगायला आजही लाज वाटते. मी म्हणालो, आमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड होता, मेल दिसला नाही. स्टेशन डायरीतही तसंच लिहिलं: तांत्रिक अडचण. अंमलदाराला आणि शिपाईबाईंना मी काही बोलू नका असं सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही. पुढच्याच आठवड्यात रिसॉर्टच्या मालकाने त्या गृहस्थांना कामावरून कमी केल्याचं कानावर आलं. तेव्हाही मी गप्प राहिलो.

निवृत्तीनंतर लोक विचारतात, नोकरीने काय शिकवलं. माणसं खोटं बोलतात हे मी पहिल्या वर्षातच शिकलो. आपण न ऐकण्याची सोय आधीच करून ठेवतो आणि मग समोरचा बोललाच नाही असं शपथेवर सांगतो, हे कळायला मला सगळी नोकरी लागली.

गेल्या हिवाळ्यात मी तळेगावला त्यांच्या घरी गेलो. दार मुलीने उघडलं. ओळखलं, पण या म्हणाली नाही. आतून त्यांनीच हाक मारली. ते आता मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतात. मी सगळं सांगायला सुरुवात केली तशी ते म्हणाले, "साहेब, बिघाडाचं तुम्ही माझं मन राखायला म्हणालात, असं मला वाटलं. इतके दिवस वाटत होतं, मीच पत्ता चुकीचा टाकला असेल. माझ्यामुळे आजोबांची रात्र उघड्यावर गेली."

हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. माझ्या बिघाडाच्या थापेने एका भल्या माणसाला इतकी वर्षं स्वतःवरच संशय घ्यायला लावला होता. मी म्हणालो, "पत्ता बरोबर होता. मेल पोचला होता. माझं चुकलं."

मुलगी दाराशीच उभी होती. ती म्हणाली, "मारलंत ते मालकासमोर. माफी आमच्या बैठकीत का?"

ते तिला जाऊ दे म्हणाले. मी म्हणालो, तुमच्या मुलीचं बरोबर आहे, मालकासमोरच मागतो.

आम्ही तिघं माझ्याच गाडीतून रिसॉर्टवर गेलो. मालक काउंटरवर होते, समोर पाहुणे चावीसाठी थांबले होते. मालक मला आत केबिनमध्ये नेऊ लागले. मी नको म्हणालो आणि तिथेच, पाहुण्यांच्या देखत, त्या गृहस्थांकडे वळून हात जोडले.

"त्या दिवशी तुम्ही जे जे बोललात ते सगळं खरं होतं. तुमचा मेल वेळेवर आला होता. तो मी बघितला नाही, कारण हॉटेलवाल्यांचे मेल दिसू नयेत असं मीच सांगून ठेवलं होतं. कॉम्प्युटर बिघडला नव्हता. मी तुमच्यावर हात उचलला, तुम्हाला खोटं ठरवलं, तुमची नोकरी गेली तरी गप्प बसलो. मला माफ करा."