घट बसले होते तेव्हा

त्या वर्षी माझं देवीशी भांडणच चाललं होतं. पस्तिशीत कॅन्सर झाला, मुंबईत डावा स्तन काढला आणि त्या जागी सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. पनवेलला परत आल्यावर ब्लाउज पुन्हा नीट बसलेला आरशात पाहिला आणि मी एकटीच लाजले, खोटं कशाला बोलू! लाली, ताप, पाणी, काहीही दिसलं तरी लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नेमकी नवरात्रात जागा लाल झाली, अंगात कणकण आली. पण आमच्याकडे घट बसले की घरच्या बाईनं बाहेर मुक्काम करायचा नाही, अखंड दिवा सांभाळायचा. शिवाय डॉक्टर ते काढूनच टाकतील, ही धास्ती. हे नोकरीच्या कामानं परगावी होते. सासूबाईंना मी 'जरा ठणकतंय' एवढंच सांगितलं. त्यांनी मायेनं देवीचा अंगारा लावला आणि दसऱ्यापर्यंत कळ काढायची, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं.

अष्टमीला मी देवळात ओटी भरायला गेले. रोडपालीची एक आगरी बाई देवीची ओटी भरून माझीही भरायला पुढे आली. पदर धरायला माझा डावा हात वर येईना. तिनंच पदर सावरला, कुंकू लावताना तापलेल्या कपाळाला बोट लागलं आणि ती थबकली. काय झालं होतं मला कोण जाणे, त्या अनोळखी बाईला मी सगळं सांगून टाकलं, अगदी दिव्यासकट. ती म्हणाली, "बाय, देवीला दिवा लागतो खरा. पन तो लावाया मानूस नको काय? आदी तू जग."

ती मला रिक्षानं घरी घेऊन आली. सासूबाई कर्मठ, आता दोघींची जुंपणार असं मला वाटलं. पण माझ्या कपाळाला हात लावल्यावर त्यांनी देवीपुढे हात जोडले. "तुझं तू बघ गं बाई, मी हिला घेऊन जाते," म्हणाल्या, माझ्या लेकीला शेजारी सोडलं आणि दाराला कुलूप घातलं. उभ्या जन्मात त्यांनी घट असे सोडले नव्हते.

आत पू झाला होता. आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं, डॉक्टर म्हणाले. इम्प्लांट काढून जखम धुवायची, सलाइनमधून औषधं द्यायची, हवं तर काही महिन्यांनी पुन्हा बसवता येईल. मी ढसाढसा रडले. सासूबाई नुसत्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग मी मनात देवीला म्हटलं, आई, तुझ्यावर सोडलं, ने काय न्यायचं ते.

मी घरी आल्यावर ती बाई मला बघायला आली, सुकट घेऊन! आमचं घर शाकाहारी, तरी सासूबाईंनी पुडी दोन्ही हातांनी घेतली आणि तिला चहा पाजला. ती देवीच होती असं मी म्हटलं की, देवी कधी सुकट आणते का, असं हे मला अजून चिडवतात. आणत असेल बाई, मला काय ठाऊक.

एका दुपारी लेक कुशीत शिरली. मी तिला उजवीकडे घेत होते, तर ती हट्टानं डावीकडे गेली आणि त्या सपाट जागेवर कान ठेवून पडली. म्हणाली, "आई, इकडून तुझी धडधड जास्त ऐकू येते."

पुन्हा इम्प्लांटचा विषय मी काढला नाही. देवीनं नेलं ते साऱ्यांना दिसतं. ठेवलं ते माझ्या लेकीनं ऐकलं.