नेनाच्या भावाचं नाव

नेना मेली. भावाचं नाव सोबत घेऊन गेली.

आज तेरावा दिवस. त्यांच्यात तेरावा नसतो, नऊ दिवस प्रार्थना असते. ती झाली. तेरावा मी घालते आहे, इथे, फोनवर. नातीने सेटिंग करून दिलंय. मी बोलते, तो लिहितो.

नेना म्हणजे आमच्या जर्सी सिटीच्या बिल्डिंगमधली, चौथ्या मजल्यावरची फिलिपिनो बाई. रिटायर्ड नर्स. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि दहा वर्षांनी लहान दिसणारी. लिफ्टमध्ये भेटली ती सहा वर्षं चिकटली.

मी चौथी शिकलेली, इंग्लिश मोडकं. तिला चालायचं. म्हणायची, "तू ग्रामर नाही बोलत, तू पॉइंट बोलतेस."

चर्चच्या बेसमेंटमध्ये त्यांची म्हाताऱ्यांची नाटकं चालतात. सगळी त्यांच्या देशाच्या इतिहासाची. स्पॅनिश आले, मारलं. अमेरिकन आले, मारलं. जपानी आले, मारलं. मग घरचेच उठले, त्यांनी मारलं.

मी विचारलं, "तुमच्याकडे एखादं हसायचं नाटक नाही का गं?"

"हेच हसायचं. शेवटी सगळे टाळ्या वाजवून पार्किंगकडे पळतात."

पहिल्याच वर्षी मला स्पॅनिश पाद्री केलं. डायलॉग नाही, नुसतं रागाने बघायचं. नेना डायरेक्टरला म्हणाली, "हिला मेकअप नको."

मी जाताना पिशवीत नारळ नेला आणि स्टेजच्या पायरीवर फोडला. आमच्या गावात नारळ वाढवल्याशिवाय पडदा उघडत नाही. चर्चचा माणूस मॉप घेऊन धावत आला. नेनाने तोवर करवंटी तोंडाला लावली होती.

"होली वॉटर," म्हणाली त्याला.

मग दर वर्षी नारळ माझ्याकडे.

त्यांच्या नाटकाला शेवट असतो तो असा. दिवे लावतात आणि नावं वाचतात. पन्नास वर्षांपूर्वी त्यांच्याकडे मार्शल लॉ होता, त्या लष्करी काळात जे घरातून उचलले गेले आणि परत आले नाहीत, त्यांची. एक नाव वाचलं की बसलेले सगळे म्हणतात, "प्रेझेंट."

नेना कधी म्हणायची नाही. पर्समध्ये काहीतरी शोधत बसायची.

लायब्ररीत त्याच काळावरची डॉक्युमेंटरी लागली, तर मला ओढून नेलं. जुने फोटो आले की ही खुर्चीतून अर्धी उठायची. मागचा माणूस "मॅडम, प्लीज" म्हणाला. मला वाटलं, हिला दिसत नाही. म्हटलं, "चष्मा बदल बाई."

बाहेर बाकावर बसलो तेव्हा बोलली.

तिचा भाऊ. कॉलेजात होता. तांदूळ आणायला गेला आणि सैनिकांनी जीपमधून नेला त्याला. आईने दुसऱ्याच दिवशी गावात सांगितलं, पोराला जहाजावर नोकरी लागली. घरात अजून चार पोरं होती, ती वाचवायची होती. पुढे आई तेच सांगत राहिली. आई गेल्यावर नेना सांगत राहिली. पन्नास वर्षं. पोटच्या पोरांनासुद्धा.

मी म्हटलं, "मग मला का सांगतेस?"

"तुला इंग्लिश लिहिता येत नाही. तू कुणाला सांगणार?"

ही माझी किंमत. पण खरं होतं.

यंदा म्हणाली, "या वेळी मी वाचणार. लिस्टमध्ये लिहून देणार नाही. उभी राहीन आणि तोंडाने म्हणेन. तू पहिल्या रांगेत बस आणि मोठ्याने प्रेझेंट म्हण. तुझा आवाज माशाच्या बाजारातला आहे."

शोला दहा दिवस राहिले होते. सकाळी बाथरूममध्ये पडली. स्ट्रोक. संपलं.

मी डायरेक्टरकडे गेले. भला माणूस. लिस्ट काढली, पेन काढलं.

"नाव सांगा, आंटी."

"डोडोंग."

त्याने पेन ठेवलं. "आंटी, आमच्याकडे प्रत्येक घरात एक डोडोंग असतो. लाडक्या मुलाला म्हणतात. खरं नाव?"

मी कधी विचारलंच नव्हतं. ती "माय डोडोंग" म्हणायची, मी ऐकायचे. माझ्या थोरल्या भावाला आम्ही तात्या म्हणायचो. त्याचं कागदावरचं नाव मला तो गेल्यावर दहाव्याच्या पत्रिकेत वाचून कळलं. आपल्या माणसाचं नाव कोण विचारतं?

नेनाच्या मुलीला फोन केला.

"अंकल? तो जहाजावर होता, आंटी. घर सोडून गेला. साधं पोस्टकार्ड नाही पाठवलं. ग्रँडमा त्याच्यासाठी रडून रडून गेली."

मी सांगितलं, तो जहाजावर नव्हता.

मग म्हणाली, "मॉमने मला असं कधीच सांगितलं नाही. प्लीज, आमच्या फॅमिलीचं नाव त्या लिस्टमध्ये नको."

तिची काय चूक? दोन बायकांनी मिळून इतकं चोख खोटं बांधलं की आता त्यातून खरं आत जायला फट नाही. ज्यांनी मारलं ते त्याला विसरून गेले आणि घरचे अजून त्याच्यावर रुसून बसलेत, पत्र लिहिलं नाही म्हणून.

परवा शो झाला. पहिल्या रांगेत बसले. शेजारची खुर्ची रिकामी ठेवली होती, तिच्यावर कुणीतरी कोट टाकला.

नावं संपली. मी उभी राहिले आणि म्हटलं, "डोडोंग."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "येस?" त्याचं नाव डोडोंग होतं.

लोक हसले. वाईट मनाने नाही. मीही हसले असते.

खाली बसले. प्रेझेंट म्हणायचं राहिलं.

लोकांनी खुर्च्या मिटायला घेतल्या. नारळ पिशवीत होता, तसाच घरी आणला. अजून ओट्यावर आहे. सून विचारते, "आई, चटणी करू का?" करेल उद्या.

नेना, तुला श्रद्धांजली.

तुझ्या भावालाही वाहिली असती. कुणाच्या नावाने वाहू, ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही.