कागदावरची बहीण

बाईंनी माझा अंगठा धरला आणि शाईच्या पॅडवर दाबला.

"मला सही येते, बाई."

"असू दे गं. तुमच्यात अंगठाच चालतो."

आश्रमशाळेत मी आठवीपर्यंत शिकले. बाई कर्जतच्या शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. सहा वर्षं मी त्यांच्या घरी धुणीभांडी करत होते. माझं अक्षर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या सुनेला, वहिनींना, मूल राहत नव्हतं. तीनदा पोटातच गेलं. शेवटी गर्भपिशवी काढावी लागली. मोरीत नळ सोडून त्या रडायच्या. मला ऐकू यायचं. एक दिवस बाई म्हणाल्या, "आमचं बाळ तुझ्या पोटात वाढवशील? बीज माझ्या मुलाचं नि सुनेचंच." मला दोन पोरं. दोन्ही बाळंतपणं सुखाची. मी हो म्हटलं. जबरदस्ती नव्हती. वहिनींसाठी म्हटलं. बाईंनी आपणहून माझ्या नवऱ्याला खालापूरच्या फार्महाऊसवर वॉचमनची नोकरी कबूल केली.

मग तपासण्या. मी टेबलावर पडलेली, अंगावर चादर. बाई डॉक्टरला म्हणाल्या, "नीट बघा हं. ही लोकं काय खातात, काय पितात. आमच्या बाळाला काही लागायला नको." डॉक्टरनं मान हलवली. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची लाज मला अजून वाटते.

आणि आता हा अंगठा.

कागद इंग्रजीत. मला एकच शब्द लागला. सिस्टर.

"मी कुणाची सिस्टर?"

"सूनबाईची. नात्यातली दाखवली की कुणी फार विचारत नाही."

कागदावर मी बहीण. त्या घरात माझा चहाचा कप खिडकीबाहेर ठेवलेला असायचा.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्या गॅलरीत गेल्या. मी पटापट मोबाइलवर पानांचे फोटो काढले. त्या परत आल्यावर म्हटलं, "नवऱ्याला विचारून उद्या अंगठा लावते." आणि निघाले.

कर्जतच्या कोर्टात गरिबांना फुकट सल्ला देणारी एक वकीलबाई बसते. आमच्याच भागातली, कडाव गावची. तिनं फोटो मोठे करून वाचले.

"यात लिवलंय, तुला सगळं मराठीत समजावलं. समजावलं का?"

"नाय."

"नऊ महिने फार्महाऊसवर राहायचं, पोरांना भेटायचं नाय. ठाऊक हाय?"

"नाय."

मी बाकाची कड घट्ट धरली.

"ऐक गं. तुला कळंल त्या भाषेत सांगून, लेखी संमती घेतल्याबिगर कुणाला पुढं जाता येत नाय. गर्भ आत ठेवायच्या आधी तू कधीबी नाय म्हणू शकतेस. तुझ्या नावानं तीन वर्षांचा विमा त्यांनी काढायचा. यात त्याचा पत्ताच नाय. बदल्यात नोकरी, पैसा, काय द्यायला कायद्यानं बंदी हाय. बाळ त्यांचं ठरायला मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. आन् तिथं खोटं नातं सांगितलंस, तर तूबी अडकशील."

दुसऱ्या दिवशी गेले. बाई, त्यांचा मुलगा, वहिनी सगळे बसलेले. मी उभी.

"मी करणार नाय."

"इतकं केलं तुमच्यासाठी," बाई ओरडल्या. "कपडे दिले, दिवाळीचा फराळ दिला."

मी वहिनींकडे वळले. "माझी पोरं मला भेटणार नव्हती. तुमाला ठाऊक होतं?"

वहिनींनी मान खाली घातली. ठाऊक होतं. तपासणीच्या टेबलावर मी रडले नव्हते, तिथं मला रडू फुटलं.

"तुमी मागितलं आसतं तर दिलं आसतं, वहिनी. तुमी लिवून घेत होता."

काम गेलं. नवऱ्याची वॉचमनची नोकरीही हुकली.

मागच्या आठवड्यात बाईंची गाडी आमच्या वाडीवर आली. कोंडाणे गावाच्या वर, जिथं त्या सहा वर्षांत एकदाही आल्या नव्हत्या. माझ्या जावेच्या दारात थांबली. जावेलाही पोरं आहेत, पण शाळेत ती कधी गेलेली नाही.

मी जाऊन तिच्या ओट्यावर बसले.

"तुझं काय काम इथे?" बाईंनी विचारलं.

"वाचायचं," मी म्हटलं.

गाडी परत गेली. ती पुन्हा येईल, मला ठाऊक आहे. बाईंना कागद मराठीत आणावा लागेल. मी तो ओट्यावर बसून मोठ्यानं वाचणार, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. जाऊ ऐकेल, वाडी ऐकेल. मग हो की नाय, ते तिचं ती सांगेल. त्याआधी कुणालाही काही लिहून मिळणार नाही.